सहा मिनिटांचा वकील

मुंबईतल्या बड्या फर्मचा वकील ओळखायचा कसा? त्यानं कोर्ट आतून पाहिलेलं नसतं. आमच्या धर्माबादचा असा एक आहे. मिरचीच्या अडत्याचा मुलगा, पुण्यात कायदा शिकला, आता लोअर परळला अठराव्या मजल्यावर बसतो. दसऱ्याला देवगिरी एक्सप्रेसमधून उतरला की स्टेशनावरच उलटतपासणी सुरू.

"कोणत्या कोर्टात उभा राहायलास?"

"उभा नाही राहत काका. ड्यू डिलिजन्स करतो."

"हे कुठं आलं? औरंगाबादकडं?"

एक कंपनी दुसरीला गिळते, तेव्हा गिळायच्या कंपनीचे सगळे करार वाचून काटा कुठं आहे ते सांगायचं, हे त्याचं काम. रात्री एकला यानं 'आणि'चं 'किंवा' करायचं, दोनला समोरच्या फर्मनं पुन्हा 'आणि' करायचं. पगार एवढा, की वडील तो आकडा तोंडानं सांगतच नाहीत. बैलबाजारातल्यासारखी रुमालाखाली बोटं दाबतात.

वेळेचा हिशोब सहा-सहा मिनिटांचा. तासाचे दहा तुकडे आणि प्रत्येक तुकडा कुणाच्या तरी बिलावर. आईनं "जेवलास का?" म्हणून फोन केला, तरी हा तुकडा कोणाच्या खात्यावर टाकावा याची त्याला पंचाईत.

समाधान आहे का, असं विचारलं की म्हणतो, "पार्टनर झाल्यावर." पार्टनर झालेले काय म्हणतात? ते अलिबागला जमीन बघायलेत.

त्यात गाव धर्माबाद! जवळच्या बाभळी बंधाऱ्याची दारं १ जुलैला वर करायची अन् २८ ऑक्टोबरपर्यंत खाली सोडायची नाहीत, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३चा निकाल इथं चहावालाही सांगतो. बाभळीच्याच २०१०च्या आंदोलनापायी इथल्या कोर्टानं २०१८ साली चंद्राबाबूंना वॉरंट काढलं, तेही ते आंध्रचे मुख्यमंत्री असताना. "तुझ्या फर्मनं कुणाला काढलं?" या प्रश्नावर वकीलसाहेब मुकाट चहा पितात.

गेल्या दसऱ्याला शेजारच्या मावशी निजामकाळातला एक उर्दू कागद घेऊन आल्या. दिरानं परस्पर फेरफार टाकला होता. साहेबांनी कागद उलटा धरला. कोर्टातल्या म्हाताऱ्या मुन्शीनं तो सुलटा करून वाचून दिला. मग साहेबांनी दीड पानाची हरकत मराठीत, स्वतःच्या हातानं लिहिली. 'सबब विनंती की' आल्यावर पेन जरा थबकलं, एवढंच. अर्ज तलाठ्याकडं दिला. तलाठ्यानं वर न बघताच पोच दिली: शिक्का, सही, तारीख.

त्या पोचेचा फोटो आज त्याच्या मोबाइलच्या पडद्यावर आहे. शेकडो कोटींचे सौदे त्याच्या नजरेखालून गेले, पण त्यावर सह्या दुसऱ्यांच्या. मावशींनी फी म्हणून दोन किलो मिरची दिली, ती त्यानं मुंबईला नेली.

तेव्हा सातबाऱ्याची भानगड असेल, तर दसऱ्याच्या सुटीत गाठा. फी पडत नाही. पोच मात्र त्याच्या हातात द्या.