मोठ्यांचे दुकान-दुकान

न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरचे एफएओ श्वार्ट्झ हे खेळण्यांचे दुकान १५ जुलै २०१५ रोजी बंद झाले. दाराशी लाल डगला घातलेला, खेळण्यातल्या शिपायासारखा नटवलेला दरवान उभा असे. आत कापडी प्राण्यांचे कळप होते आणि जमिनीवर पसरलेला, पायांनी वाजवायचा पियानो होता. १९८८ च्या 'बिग' या चित्रपटात टॉम हँक्स आणि रॉबर्ट लॉजिया याच दुकानात पियानोवर उड्या मारून गाणे वाजवतात. चित्रपटात मोठ्या माणसाच्या अंगात बारा वर्षांचा पोरगा शिरलेला असतो. दुकान चालवणाऱ्यांच्या अंगात मात्र शेवटपर्यंत मोठी माणसेच होती.

बंद करण्याचे कारण वाढते भाडे असे सांगण्यात आले. जागा काही काळ रिकामी राहिली. मग जानेवारी २०१७ मध्ये शेजारच्या अ‍ॅपलने आपल्या काचेच्या दुकानाची दुरुस्ती काढली आणि तेवढ्यापुरते बिऱ्हाड इथे थाटले. मुले खेळणी सोडून मोबाइलला चिकटली, ही जगभरच्या आईबापांची तक्रार. इथे खुद्द खेळण्यांची जागाच मोबाइलला चिकटली. त्यानंतर अंडर आर्मर ही खेळाच्या कपड्यांची आणि बुटांची कंपनी येणार, असा गाजावाजा झाला होता. ते दुकान उघडलेच नाही.

दुकानाचे नाव संस्थापकाचे. फ्रेडरिक ऑगस्ट ओटो श्वार्ट्झ हा जर्मनीहून आलेला गृहस्थ. १८६२ साली बाल्टिमोरमध्ये त्याच्या कुटुंबाने धंदा सुरू केला आणि १८७० मध्ये त्याने न्यूयॉर्क गाठले. त्या काळात खेळणी विकून पैसे मिळवायचे, असा साधा प्रकार होता. पुढे शास्त्र प्रगत झाले. २००३ या एकाच वर्षात दुकानाच्या मालक कंपनीने दोनदा दिवाळखोरीचा अर्ज केला, जानेवारीत एकदा आणि डिसेंबरात एकदा. अमेरिकी दिवाळखोरी कायद्याचे अकरावे प्रकरण समजायला मराठी वाचकाला वकील लागत नाही. अंगणात धापा टाकणारा गडी पकडला जाण्याच्या बेतात असताना 'टॅम्प्लीज' म्हणून मोकळा होतो, तेच हे. देणेकऱ्याने पाठीत धपाटा घालायचा नाही, गड्याने दम खायचा. एका डावात दोनदा टॅम्प्लीज म्हणणाऱ्याला आळीतली पोरे 'रडीचा डाव' म्हणून हाकलतात. न्यायालये जास्त समंजस असतात.

२००९ मध्ये हे दुकान टॉईज आर अस या अवाढव्य साखळीने विकत घेतले. या साखळीचे स्वतःचे मानाचे दुकान टाइम्स स्क्वेअरला होते. २००१ मध्ये उघडलेल्या त्या दुकानाच्या पोटात साठ फूट उंचीचा आकाशपाळणा फिरत असे आणि एक यांत्रिक डायनासोर ठरावीक वेळाने डरकाळी फोडत असे. ३० डिसेंबर २०१५ रोजी पाळणा थांबला. ती जागा गॅप आणि ओल्ड नेव्ही या कपड्यांच्या दुकानांनी घेतली. सहा महिन्यांत एकाच कंपनीने एकाच शहरातली आपली दोन सर्वांत प्रसिद्ध दुकाने मिटली. डायनासोर नामशेष का झाले यावर शास्त्रज्ञांत अजून वाद चालतात. या एका डायनासोरपुरता भाडेकरार संपत आला होता, एवढे नक्की.

टॉईज आर असचा मूळपुरुष चार्ल्स लाझारस. महायुद्धातून परतलेले सैनिक आता घरसंसार मांडणार, हे हेरून त्याने १९४८ मध्ये वॉशिंग्टनमध्ये पाळण्यांचे आणि मुलांच्या खाटांचे दुकान काढले. पाळणा एका घरात एकदाच खपतो, खेळणे मोडते आणि पुन्हा खपते, हे त्याच्या ध्यानात आले. १९५७ पासून खेळण्यांची दुकाने निघाली. किराणा रचावा तशी छतापर्यंत रचलेली खोकी आणि पाटीवर लहान मुलाने गिरवल्यासारखे उलटे अक्षर. या पद्धतीने गल्लीबोळातली खेळण्यांची छोटी दुकाने शेकड्यांनी बसली. त्यांच्यासाठी तेव्हा कुणी स्मरणलेख लिहिले नाहीत. त्यांच्याकडे डायनासोर नव्हता.

२००० साली कंपनीने आपली ऑनलाइन विक्री दहा वर्षांच्या कराराने अ‍ॅमेझॉनकडे सोपवली. आंधळ्या कोशिंबिरीत डोळ्यांवर रुमाल दुसरा बांधतो. इथे राज्य कोणावर हे ठरण्याआधीच गड्याने रुमाल पुढे केला. चार वर्षांत भांडण कोर्टात गेले. मग २००५ मध्ये बेन कॅपिटल, केकेआर आणि व्होर्नाडो या तिघांनी मिळून सुमारे ६६० कोटी डॉलरला कंपनी घेतली. घेतली म्हणजे बहुतेक पैसा कर्जाचा होता आणि ते कर्ज विकत घेतलेल्या कंपनीच्याच डोक्यावर ठेवले गेले. भातुकलीत पाहुण्यांनी यजमानाच्याच डब्यातले पोहे खावेत आणि जाताना जेवल्याची दक्षिणाही त्याच्याकडूनच घ्यावी, तसा हा व्यवहार. धंदेवाईक भाषेत याला मूल्यवर्धन म्हणतात. कंपनी दरवर्षी सुमारे ४० कोटी डॉलर व्याजापोटी मोजू लागली. दुकानांची रंगरंगोटी करायला, माणसे वाढवायला, वेबसाइट धड करायला जे पैसे लागले असते, ते या दक्षिणेत गेले.

दोष अर्थातच पोरांवर आला. पोरे पडद्याला चिकटली, आईबाप दुकानात खेळणे हाताळतात आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवतात, ही कारणे सर्वांना पाठ आहेत आणि खोटीही नाहीत. पण कंपनीने आपल्या वार्षिक अहवालात घटत्या जन्मदराचीही धास्ती नोंदवली. धंदा बसल्याचे खापर जन्मालाच न आलेल्या गिऱ्हाइकावर फोडण्याचा हा मान दुसऱ्या कुठल्या व्यवसायाला सहज मिळणार नाही.

सप्टेंबर २०१७ मध्ये टॅम्प्लीज झाले, तेव्हा कर्ज सुमारे ५०० कोटी डॉलर होते. त्याच डिसेंबरात वरिष्ठ अधिकाऱ्यांना बोनस द्यायला न्यायालयाने परवानगी दिली. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतली सगळी दुकाने बंद करायचे जाहीर झाले आणि आठवड्याभरात ९४ वर्षांचा लाझारस वारला. जूनअखेर शेवटची कुलपे लागली. शेवटच्या दिवसांत खेळण्यांबरोबर ती मांडायचे रॅकही विकायला काढले होते. मुख्यालयातला जेफ्री नावाचा सोळा फुटी जिराफ न्यू जर्सीतल्या मुलांच्या इस्पितळात पोचता झाला.

प्रत्येक खेळात एक 'कच्चा लिंबू' असतो. तो खेळतो, धावतो, ओरडतो. पकडला गेला तरी आऊट होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. अंगणात हा मान सर्वांत धाकट्याला असतो. उच्च वित्तव्यवहारात तो सर्वांत थोरल्याला असतो. राज्य आले ते तीस हजारांहून अधिक कामगारांवर, आणि त्यांना निघताना ठरलेली भरपाईही मिळेना. त्यांनी आरडाओरड केल्यावर, त्याच वर्षाच्या अखेरीस केकेआर आणि बेनने मिळून दोन कोटी डॉलरचा निधी काढला. व्याजाच्या जुन्या दराने मोजले तर कंपनी तेवढे पैसे तीन आठवड्यांच्या आत भरत असे.

फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरचे दुकान नव्या मालकाने नोव्हेंबर २०१८ मध्ये रॉकफेलर सेंटरला पुन्हा उघडले. शिपाई आला, पियानोही आला.

लंडनच्या हॅम्लीजची कथा वेगळी. ते बंद पडत नाही, फक्त हिंडते. विल्यम हॅम्लीने १७६० मध्ये, म्हणजे पानिपताच्या आदल्या वर्षी, 'नोहाची नौका' या नावाने ते काढले. दुसऱ्या महायुद्धात रीजंट स्ट्रीटवरच्या दुकानावर पाच वेळा बॉम्ब पडले आणि नोकरांनी डोक्यावर लोखंडी टोप घालून दाराशी विक्री केली. बॉम्बला न हललेले दुकान या शतकात मात्र 'मामाचं पत्र' खेळू लागले. रुमाल आइसलँडवाल्यांच्या पाठीशी पडला, मग फ्रेंचांच्या, २०१५ मध्ये चिनी कंपनीच्या, आणि मे २०१९ मध्ये रिलायन्सने तो सुमारे ६ कोटी ८० लाख पौंडांना उचलला. चिन्यांनी त्यासाठी दहा कोटी पौंड मोजले होते.

भारतातले पहिले हॅम्लीज २०१० मध्ये मुंबईत लोअर परळला, फिनिक्स मिलच्या आवारात उघडले होते. टाइम्स स्क्वेअरला खेळणी उठून कापड आले, तर इथे कापडाची गिरणी उठून खेळणी. दुकानात पोऱ्या हवेत साबणाचे फुगे सोडतो, मूल खोका छातीशी धरून बसते आणि बाप पाठमोरा होऊन मोबाइलवर तोच खोका ऑनलाइन केवढ्याला पडेल ते बघतो. न्यूयॉर्कची दुकाने या पाठमोऱ्या बापाला घाबरत. लोअर परळला तशी भीती नाही. बापाने खोका दुकानात घेतला काय किंवा मालकाच्याच ऑनलाइन बाजारातून मागवला काय, गडी दोन्हीकडे एकच आहे. आणि भाव बघायला वापरलेला डेटाही बहुधा त्याच्याचकडचा असतो.