जाळीचा भाव

मनगटातील किंवा जांघेतील रक्तवाहिनीच्या वाटेने, चिमुकल्या फुग्यावर आवळून हृदयाच्या धमनीत जी धातूची जाळी धाडतात आणि फुगा फुगताच जी उमलून धमनीच्या भिंतीस टेकते, त्या स्टेन्टचा व्यास सामान्यतः तीन मिलिमीटरच्या आसपास असतो. तिच्या किमतीचा व्यास मात्र रुग्णाच्या खिशावरून ठरावा, अशी आपल्याकडील वहिवाट होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने फर्मान काढून औषधी लेपाच्या स्टेन्टला २९,६०० आणि साध्या स्टेन्टला ७,२६० रुपयांची कमाल मर्यादा घातली, तेव्हा कुठे कळले की लाखाच्या घरात विकल्या जाणाऱ्या या वस्तूवरील नफ्यात सिंहाचा वाटा कारखानदाराचा नसून रुग्णालयाचा होता. असा उत्पन्नाचा महाल एखाद्या वतनदारास मिळता, तर त्याने सनद देवघरात पुजली असती.

आणि वसुलीची रीत किती सौम्य! पडद्यावरील चित्रफीत थांबवून डॉक्टर पेनाच्या टोकाने दाखवितात, ‘‘इथं नव्वद टक्के ब्लॉकेज आहे, काका आत टेबलवरच आहेत.’’ पाठोपाठ फाईल घेतलेला तरुण अदबीने विचारतो, ‘‘देशी टाकायचा की इम्पोर्टेड?’’ चपलेच्या जोडासाठी तीन दुकाने पालथी घालणारा चिरंजीव तत्क्षणी उद्गारतो, ‘‘जो चांगला असेल तो टाका!’’ पितृभक्तीचे इतके रोकड प्रात्यक्षिक अन्यत्र दुर्मीळ.

हृदयविकाराचा झटका आला असता स्टेन्ट प्राण वाचवितो, याविषयी या सदराची तक्रार नाही. परंतु त्याच २०१७ साली इंग्लंडमधील ‘ऑर्बिटा’ चाचणीत, श्रम केल्यावरच छातीत दुखणाऱ्या स्थिर रुग्णांपैकी निम्म्यांना स्टेन्ट घातला, उरलेल्यांवर केवळ शस्त्रक्रियेचा देखावा केला, आणि दोन्ही गटांच्या व्यायामक्षमतेतील वाढीत लक्षणीय फरक आढळला नाही. देखाव्याचाही गुण येतो, ही वार्ता आमच्या काही रुग्णालयांनी मनावर घेतली नाही, हे आपले भाग्य. एरवी दरपत्रकात ‘देखावा, डीलक्स’ असे स्वतंत्र कलम पडले असते.

फर्मान स्टेन्टपुरते होते. खोलीभाडे, कॅथलॅबचे शुल्क आणि ‘इतर’ या नावाचा अथांग रकाना त्याच्या हद्दीबाहेर राहिला. तथापि त्याच फर्मानात आणखी एक कलम होते: स्टेन्टची किंमत, त्याचे व उत्पादकाचे नाव आणि बॅच क्रमांक बिलात स्वतंत्रपणे दाखविले पाहिजेत. वाचकहो, पैसे भरण्यापूर्वी ती ओळ शोधा, आणि नसेल तर मागून घ्या.