चेहऱ्याचा लॉट

सुरतेत 'मास्टर' म्हटलं की शाळेतले मास्तर कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाहीत. इथे मास्टर म्हणजे डाइंग मास्टर. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये जेट मशीनपुढे उभा राहून ओल्या कापडाची चिंधी दोन बोटांत चोळणारा, ती उजेडाकडे धरणारा आणि 'लाल थोडा चढलाय' एवढंच बोलून पाच-सहा माणसांची झोप उडवणारा इसम.

आमच्या डिंडोलीच्या सोसायटीत असे एक मास्टर आहेत. मूळचे अमळनेरकडचे. तीसेक वर्षांपूर्वी भुसावळ पॅसेंजरने उधन्याला उतरले, ते परत गेले नाहीत. डिंडोली, लिंबायत, उधना हा सगळा पट्टा असाच उतरलेल्यांचा. इथल्या रिक्षावाल्याला अहिराणीत पत्ता विचारला तरी तो घरापर्यंत नेऊन सोडतो. मास्टरांच्या नखांत कायम कुठला ना कुठला रंग असे. सोमवारी नेव्ही ब्लू, गुरुवारी राणी. वहिनी नखं बघून मिलमध्ये कुठली ऑर्डर चाललीय ते सांगत. तोंडाला आयुष्यभर त्यांनी अंगाचाच साबण लावला, तोही संपत आलेला.

सगळं बिघडलं ते मुलीच्या साखरपुड्याच्या फोटोंपासून. अल्बम आला. मास्टरांनी पहिलं पान उघडलं, चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "यात मी ग्रे आलोय."

सुरतेबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, ग्रे म्हणजे लूममधून उतरलेलं, न धुतलेलं, न रंगवलेलं कापड. तीस वर्षं ग्रे कापडाला रंगरूप देणाऱ्या माणसाच्या तोंडून हा शब्द स्वतःच्या तोंडाबद्दल आला, तेव्हा वहिनींना हसू आवरेना. मुलीला मात्र वडिलांची दया आली. तिने आपली छोटी तपकिरी बाटली त्यांच्या हातावर ठेवली. "पप्पा, हे लावून बघा. व्हिटॅमिन सी आहे. अँटिऑक्सिडंट."

दुसऱ्या दिवसापासून सोसायटीला एक मास्टर कमी आणि एक त्वचाशास्त्री जास्त झाला.

ही जमात आता शहरभर आहे. रिंगरोडच्या कापड मार्केटात एक दलाल आहे, त्याच्या गादीखाली सनस्क्रीनची ट्यूब असते. वराछ्यातला एक हिरेवाला रोज दुपारी आयग्लास डोळ्याला लावतो आणि छोट्या आरशात स्वतःच्या नाकावरची छिद्रं तपासतो. हिऱ्यात काळा ठिपका सापडला तर भाव पाडून घेता येतो, नाकावर सापडला तर कुणाकडून पाडून घ्यायचा, हा त्याचा प्रश्न. ही माणसं चाळीस ते साठ वयाची, पैशाला चोख. बायकोने साय लावायला सांगितली तर लाजतील. पण बाटलीवर टक्केवारी छापलेली असली की त्यांचा विश्वास बसतो. दहा टक्के, पंधरा टक्के, वीस टक्के! सुरतेच्या माणसाला टक्का दाखवा, तो कुठेही सही करेल.

अँटिऑक्सिडंट म्हणजे काय, हे मास्टरांनी मला पार्किंगमध्ये समजावलं, आणि खरं सांगतो, कुठल्या डॉक्टरला इतकं चांगलं सांगता आलं नसतं. "भाऊ, उठमणा माहीत आहे ना?" मी मार्केटात हिशेब लिहितो, मला उठमणा माहीत नसेल तर कुणाला! व्यापारी रातोरात दुकान बंद करून पळतो, त्याच्याकडे अडकलेले दहा जण बुडतात, त्या दहांकडे अडकलेले आणखी. "तस्संच. उन्हाने कातडीत फ्री रॅडिकल तयार होतात. त्यांच्याकडे एक इलेक्ट्रॉन कमी. मग ते शेजारच्याचा ओढतात, शेजारचा पुढच्याचा. सगळं मार्केट आडवं. अँटिऑक्सिडंट म्हणजे असा माणूस, जो म्हणतो, हा घे माझा इलेक्ट्रॉन आणि मिटव. व्हिटॅमिन ई त्याचा भागीदार. त्याचा इलेक्ट्रॉन गेला की सी आपल्या खिशातून भरून देतो."

एवढी समज असलेला माणूस, आणि लावायचा किती वेळा? दिवसातून तीनदा. सकाळी, शिफ्टवरून आल्यावर आणि झोपताना. शिवाय कुणी भेटायला येणार असेल तर मधल्या वेळी एकदा.

मला याचंच नवल वाटत आलं आहे. मी एकदा त्यांच्या मिलमध्ये गेलो होतो. एका नव्या पोराने शेड गडद व्हावी म्हणून हिशेबापेक्षा जास्त रंग टाकला होता. मास्टर त्याच्यावर असे तुटून पडले की बॉयलर गप्प वाटावा. "पॉलिएस्टर जेवढा पितो तेवढाच पितो! एकशे तीस डिग्रीला नेलास म्हणून त्याचं पोट वाढत नाही! बाकीचा रंग कुठे जातो? गटारात! मालकाचा पैसा गटारात!" हा उपदेश करून घरी आलेला माणूस आरशापुढे उभा राहून तिसऱ्यांदा थेंब मोजत होता. कापडाचं पोट भरतं, चेहऱ्याचं भरत नाही, अशी त्यांची बहुधा समजूत असावी.

व्यवसाय मात्र सुटला नव्हता. मिलच्या लॅबमधून ते पीएच पेपरची गुंडाळी घेऊन आले. एक थेंब टाकला, रंग तीनवर आला. मास्टर प्रसन्न. "आपला बाथ साडेचार-पाचला लागतो, हा त्याहून तेज आहे." खरंच आहे ते. शुद्ध ॲस्कॉर्बिक ॲसिड कातडीत उतरायचं तर द्रवाचा पीएच साडेतीनच्या खाली लागतो. पण तेज म्हणजे चुरचुर, आणि ती तीनदा लावली की तिप्पट, हे गणित त्या पेपरवर उमटत नाही.

याच सुमारास मुलीने त्यांना सेंट-ग्यॉर्गी नावाच्या हंगेरियन शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. या गृहस्थांनी आपल्या देशातल्या पाप्रिका नावाच्या लाल मिरचीतून व्हिटॅमिन सी भरपूर प्रमाणात काढलं आणि 1937 साली त्यांना नोबेल मिळालं. मास्टरांची खानदेशी छाती फुगली. "म्हणजे आपल्या शेवभाजीतच होतं की सगळं!" वहिनी आतून म्हणाल्या, "मग तिखटच लावा तोंडाला. बाटलीचे पैसे वाचतील."

वहिनी अशा कामात कधी चुकत नाहीत. पण घरगुती ते सगळं निर्धोक, असंही नाही. त्यांच्याच धाकट्या बहिणीने एका उन्हाळ्यात गालाला लिंबू चोळलं आणि बिबडे वाळत घालायला गच्चीवर गेली. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आलं की कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात. तिचे पुढे कित्येक महिने टिकले. असो.

तर मास्टरांचा पुढचा शोध म्हणजे बूस्टर. हा शब्द आपल्याकडे आधी अँटेनाला लागला, मग पाण्याच्या मोटारीला, मग करोनाच्या लसीला. आता तो क्रीमला लागतो. बारीक कुपी, आत दाट द्रव, दोन थेंब नेहमीच्या क्रीममध्ये मिसळून लावायचे. मास्टरांनी 'मिसळून' हा शब्द वगळला. मिलमध्ये शेड फिकी आली की वरून रंगाची टॉपिंग देतात, तशी ते चेहऱ्याला टॉपिंग देऊ लागले. आधी वीस टक्क्यांचं सी, त्यावर बूस्टर, रात्री रेटिनॉल, सकाळी परत सी. उत्तरायणाच्या दिवशी सकाळी सातला गच्चीवर आले ते असे चकाकत, की शेजारच्या गच्चीवरच्या पोरांनी 'काय पो छे'च्या ऐवजी 'काका, बाजूला व्हा, डोळ्यांवर येतंय' अशी आरोळी ठोकली. गंमत म्हणजे त्या दिवशी त्यांनी सगळं लावलं होतं, फक्त सनस्क्रीन सोडून. दिवसभर पतंग, मध्ये उंधियु-जिलबी, आणि डोक्यावर सूर्य. उठमणा करणारा हाच तर मूळ आसामी, आणि दार त्यालाच उघडं.

आखाजीला मास्टर सहकुटुंब गावी निघाले. बाटली हातपिशवीत, शेंगदाण्यांशेजारी. एप्रिलअखेरचं खानदेशचं ऊन मी सांगायला नको. पत्र्याच्या घरात पिशवी तीन दिवस खुंटीला होती. चौथ्या दिवशी बाटली काढली तर आतला द्रव चहासारखा. त्यांच्या म्हाताऱ्या काकूने नाक मुरडलं, "तोंडले काय लाई राहिना रे भाऊ? आसव शे का?"

मास्टर ओट्यावर बसून बराच वेळ त्या बाटलीकडे बघत राहिले. मिलमध्ये हायड्रोच्या ड्रमचं झाकण उघडं दिसलं की ते हेल्परचा अर्धा दिवस कापायचे. रंगाई झाल्यावर कापडावर चिकटून राहिलेला जादा रंग काढायला ही हायड्रोची पूड लागते. हवा आणि ओल लागली की तिची ताकद जाते, जास्तच ओल लागली तर ती पेटही घेते. दुसऱ्याला इलेक्ट्रॉन देणाऱ्या वस्तूचं हेच दुखणं. समोर दुसरा कुणी नसेल तर ती हवेलाच देऊन मोकळी होते. व्हिटॅमिन सीची बाटली म्हणूनच तपकिरी काचेची असते, म्हणूनच झाकण घट्ट लावायचं, थंड जागी ठेवायची आणि उघडल्यावर दोनतीन महिन्यांत संपवायची. रंग पिवळट असेपर्यंत चालवून घेता येतं. तपकिरी झाली की त्यात देण्यासारखं काही उरलेलं नसतं. मास्टरांनी ती तरीही आठवडाभर लावली. पैसे भरले होते ना.

परत आले तेव्हा चेहरा ग्रे नव्हता, हे कबूल केलं पाहिजे. लाल होता. गालांवर पापुद्रे, कपाळावर पुरळ, पाणी लावलं तरी झोंबायचं. वहिनींनी हात धरून त्वचेच्या डॉक्टरीण बाईंकडे नेलं. दुभाष्या म्हणून मीही गेलो. खरं तर मास्टरांची गुजराती माझ्यापेक्षा चांगली आहे, पण अपमान मातृभाषेतून ऐकलेला बरा असतो.

बाईंनी सगळ्या बाटल्या टेबलावर ओळीने मांडायला लावल्या. मग विचारलं, "दिवसातून किती वेळा?" मास्टरांनी आकडा कमी करून सांगितला. वहिनींनी दुरुस्त केला.

बाई म्हणाल्या, कातडी व्हिटॅमिन सी घेते ती मर्यादेपर्यंतच. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या शेल्डन पिनेल यांनी सहकाऱ्यांबरोबर हे मोजलं होतं, 2001 साली ते छापूनही आलं. वीस टक्क्यांच्या वर शोषण वाढत नाही. रोज एकदा असं तीन दिवस लावलं की कातडीतला साठा भरतो, आणि तो अर्ध्यावर यायला चारेक दिवस लागतात. म्हणजे एखादा दिवस चुकला तरी आभाळ कोसळत नाही.

"कुणाच्या कातडीवर मोजलं?" मास्टरांनी वकिली केली.

"डुकराच्या."

मास्टर विजयी मुद्रेने माझ्याकडे वळले. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "मग यांना लागू पडेल."

डॉक्टरीण बाईंनी हसू दाबत कागद लिहिला. दोन आठवडे सगळं बंद. साधा सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. चेहरा शांत झाल्यावर सी दहा टक्क्यांचं, सकाळी एकदा, तीन-चार थेंब. सुरुवातीला एक दिवसाआड. त्यावर सनस्क्रीन दोन बोटं भरून, आणि उन्हात राहायचं असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. रेटिनॉल रात्री, आठवड्यातून दोनदा, तेही नंतर. बूस्टरवर काट.

बाहेर आल्यावर मास्टर जिन्यात थांबले. मला वाटलं, डुकराचं मनाला लागलं. ते म्हणाले, "भाऊ, फी दिली आणि बाईंनी काही दिलं नाही. उलट होतं ते काढून घेतलं." सुरतेत इतका वाईट सौदा त्यांनी आजवर केला नव्हता. दोन पायऱ्या उतरून पुन्हा थांबले. "म्हणजे बाकीचं सगळं गटारात गेलं म्हणा ना."

मी काही बोललो नाही. आपल्याच मिलचा कायदा आपल्यावर लागू होताना माणसाला एकटं सोडावं.

त्यानंतर मास्टर सुधारले, पण मास्टरच्या पद्धतीने. फ्रिजच्या दारात, बटरच्या कप्प्यात, बाटलीवर चिठ्ठी चिकटवली आहे : लॉट नंबर, उघडल्याची तारीख, संपवायची तारीख. बटर आता भाज्यांत असतं. कोजागिरीला आम्ही गच्चीवर मसाला दूध प्यायलो. दुसऱ्या रात्री चंदी पडवा, तेव्हा अख्ख्या सुरतेबरोबर तिथेच घारी खाल्ली. मास्टर चांदण्यातही सनस्क्रीन लावून आले होते. दर दोन तासांनी लावायची ते उन्हात असताना, हे मी सांगून पाहिलं. त्यांनी तुपाने माखलेली घारी तोंडात घातली आणि म्हणाले, "चंद्राचा उजेड पण सूर्याकडूनच उधारीवर येतो ना?"

सकाळी सातच्या शिफ्टला निघताना ते आता एकदाच, मोजून चार थेंब लावतात. राहिलेलं बूस्टर वहिनी रात्री टाचांच्या भेगांना लावतात. टाचा मऊ झाल्या आहेत.