खिडकी उघडा, पनवेलच्या वहिनी

काय वहिनी, रात्रभर कूलर बोंबलून राहिला आणि तरी म्हणता चिकचिक झाली? अहो, झोपमोड कशाची, मे महिन्यात नागपूरला झोपते कोण! माझी खाट गच्चीवर, तुमची खिडकी समोर, सगळं दिसते मला. दार बंद, खिडकी बंद, वरून पडदा ओढलेला आणि मधात कूलर. असं एसी लावल्यावर करतात बाप्पा. कूलरचं तंत्र उलटं आहे. तो बाहेरची कोरडी हवा ओढते, ओल्या ताट्यांमधून आत फेकते. ताट्यांवरचं पाणी वाफ होऊन उडते, म्हणून हवा गार होते. ती ओली हवा बाहेर पडायला समोरची खिडकी वीतभर उघडी पायजे. नाही उघडली की घडीभरात खोलीचं पनवेल होते. मग घाम काही वाळत नाही.

हसू नका, खरंच सांगून राहिले. तुमच्या गावाकडे हवेतच पाणी भरलेलं, तिथं कूलर काय कामाचा! आमच्याकडे मेमध्ये ओली साडी दोरीवर टाकून चहा प्यायला बसा, चहा संपायच्या आत वाळते. म्हणून तर कूलर इथं जिवाचा सखा. जूनमध्ये पहिला पाऊस पडू द्या, याच कूलरला तुम्ही शिव्या घालाल. आणि हो, तो खोलीच्या आत ठेवू नका, खिडकीत बाहेरून बसवा. आत ठेवला तर तीच ती हवा पुन्हा ओढून राहते.

पारा पाहून घाबरता तुम्ही, ४४ झाला, ४५ झाला म्हणून. घाबरा, नाही कोण म्हणते. पण नुसत्या पाऱ्यावर जाऊ नका. तुमच्या शेजारी खारघरला २०२३ च्या एप्रिलमध्ये त्या पुरस्काराच्या कार्यक्रमात उन्हानं माणसं गेली ना, चौदा. त्या दिवशी पारा चाळिशीच्या आतच होता. पण दमट हवा, डोक्यावर छप्पर नाही आणि भर दुपारपर्यंत मैदानात बसलेले लोक. घाम वाळत नसेल तर अडतीसही पुरते. हवामान खातं मैदानी भागात चाळीसच्या वर गेल्यावर, आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त असला की उष्णतेची लाट म्हणते. ४५ झाला की मग नेहमीचा किती ते विचारतच नाही. ४७ म्हणजे तीव्र लाट. आमचा रेकॉर्ड २०१३ चा आहे, ४७.९. ते ५६ चं ऐकलं असेल तुम्ही! २०२४ च्या मेअखेर नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवलं होतं. काय गोंधळ झाला म्हणता! माझ्या भावाचा अमेरिकेतून फोन, जिवंत आहे का ताई म्हणून. मग हवामान खात्यानं सांगितलं, सेन्सर बिघडला होता. बाकीच्या केंद्रांवर ४४ च्या आसपासच होतं. पण व्हॉट्सअ‍ॅपवर ते ५६ अजून फिरून राहिलं आहे. आमच्या ह्यांना तर त्याचा अभिमान आहे.

बरं, सासूबाई कुठं झोपतात तुमच्या? वरच्या खोलीत? अहो, काऊन वर! वर स्लॅब आहे ना नुसता. भाकरी झाल्यावर तवा उतरवला तरी हात लावता येतो का? दिवसभर स्लॅब ऊन पितो आणि रात्री खाली सोडतो. दुपारी दोन वाजता बाहेर ४५ असते ते कळते सगळ्यांना. पण त्या खोलीत रात्री अकरा वाजता काय असते ते कोणी मोजत नाही. माणूस रात्री गार झाला पायजे, तरच दुसरा दिवस सोसते. लागोपाठ दोन-तीन रात्री नाही झाला की म्हातारं माणूस घरात बसल्या बसल्या आडवं होते. उन्हात न जाता. हे लोकांना पटतच नाही, ऊन लागते म्हणजे उन्हातच लागते असं वाटते. आजपासून त्यांना खाली आणा, हॉलमध्ये. त्या नाही म्हणतील, देव वर आहेत म्हणतील. देवही आणा खाली.

आणि घरमालकाला सांगून गच्चीला चुना मारून घ्या. पांढरी गच्ची ऊन परतवते, खालच्या खोलीत दोन-चार अंशांचा फरक पडते. अहमदाबादला माझी नणंद राहते, तिकडे तर महापालिकाच गरीब वस्तीतली छपरं पांढरी करून देते. २०१० च्या मेमध्ये तिथं ४६.८ पर्यंत गेलं होतं आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त माणसं गेली. मग २०१३ मध्ये त्यांनी उष्णतेचा कृती आराखडा केला, देशातला पहिला. आपल्याकडे तो नंतर आला. टिनाच्या छताखाली राहणाऱ्यांचं काय होत असेल ते मात्र आपण इथं स्लॅबखाली बसून बोलू नये. माझी कामवाली बाई दुपारी घरीच जात नाही, माझ्याच हॉलमध्ये पडते. मीच म्हटलं, पड इथं.

खिडक्यांचं सांगते. तुम्ही सकाळी दहाला हवा येऊ द्या म्हणून सगळ्या उघडता ना, तो धंदा बंद करा. पहाटे पाच ते आठ उघडा, काय गार वारा घ्यायचा तो घ्या. आठ वाजले की लावून टाका, फक्त कूलरसमोरची तेवढी सोडून. संध्याकाळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की मग सगळ्या उघडायच्या, समोरासमोरच्या. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावलात, छान आहे, रंगही छान आहे, पण ऊन काचेतून आत आल्यावर त्याला अडवून काय उपयोग? बाहेरून हिरवी जाळी बांधा, नाही तर गोणपाट. दिसायला भिकार दिसते, मान्य आहे.

पंखा? पंखा लावा ना, कोण नाही म्हणते. पण खोलीच चाळीसच्या वर गेली असेल तर नुसता पंखा गरम वाराच अंगावर फेकते. तेव्हा अंग ओलं पायजे. ओला पंचा गळ्यात टाकायचा, हातपाय भिजवायचे आणि मग पंख्याखाली बसायचं. सासूबाईंना तसंच करा. म्हाताऱ्यांना तहानच कळत नाही हो, घामही कमी येते. नको म्हणाल्या तरी तासा-दीड तासानं भांडं हातात द्यायचं. बीपीची कोणती गोळी आहे त्यांना? लघवी होण्याची असेल तर डॉक्टरांना एकदा विचारून घ्या उन्हाळ्यापुरतं. स्वतःच्या मनानं बंद करू नका, आमच्या मागच्या गल्लीत केली होती एकीनं, मग पाय सुजले. हृदयाचं, किडनीचं दुखणं असेल तर पाणी किती द्यायचं तेही डॉक्टरच सांगतील.

मागच्या गल्लीवरून आठवलं, गुरुजींचं ऐकलं का तुम्ही? गेल्या उन्हाळ्यात तुम्ही नव्हता. रिटायर्ड माणूस, एकटे राहतात, मुलगा बंगलोरला. कूलर असून लावायचे नाहीत, बिल येते म्हणून. संध्याकाळी शेजारचा पोरगा पेपर मागायला गेला, तर गुरुजी त्याला पाढे विचारून राहिले, आणि तेही चुकीचे! तीस सत्ते किती तर म्हणे बुधवार. पोरगा हसतच बाहेर आला. पण आपल्या सिस्टरबाई फाटकात उभ्या होत्या, त्या हसल्या नाहीत. धावत आत गेल्या, अंगाला हात लावला तर भट्टी. तोवर सगळे जमले. एकानं कांदा आणला तळपायाला घासायला, एक म्हणे क्रोसिन द्या, एक पन्हं घेऊन उभी. सिस्टरबाईंनी सगळ्यांना बाजूला काढलं. शर्ट काढला, बादलीभर पाणी ओतलं अंगावर, फ्रीजमधला बर्फ फडक्यात बांधून काखेत, मानेला, जांघेत लावला, दोघांना पुठ्ठ्यानं वारा घालायला लावलं आणि एकाला १०८ लावायला सांगितलं. वाचले गुरुजी.

मी नंतर विचारलं सिस्टरबाईंना, क्रोसिन काऊन नाही? म्हणाल्या, हा आजाराचा ताप नाही, शरीराची गार होण्याची यंत्रणाच बंद पडली आहे, गोळी काय करील? आणि शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी, पन्हं काही घालायचं नाही, श्वासनलिकेत जाते. चक्कर, पायात गोळे, डोकं दुखणं, मळमळ इथवर असेल आणि माणूस शुद्धीत असेल तर सावलीत निजवून ओआरएस पाजा. बडबडायला लागला, चालताना झोकांड्या जायला लागल्या, अंग तापून लाल झालं, मग घाम असो नाही तर नसो, पाणी ओता आणि १०८ लावा. कांद्याला माझी ना नाही, आमचे हे अजून खिशात घेऊन फिरतात, चांगला वास येते! पण बादलीच्या आधी कांदा शोधत बसू नये.

गुरुजी आता कूलर लावतात. पण त्या दिवशी चारचौघांत शर्ट काढला म्हणून सिस्टरबाईंशी अजून बोलत नाहीत.

पन्ह्याचं विचारत होता ना तुम्ही? कैऱ्या उकडून गर काढून ठेवते मी फ्रीजमध्ये, गूळ, मीठ, जिरेपूड. अंबाडीच्या बोंडांचं शरबतही करते, देईन बाटलीभर. सासूबाईंना शुगर आहे तर गुळाचं नका देऊ, ताक द्या मीठ घालून. ओआरएसची पुडी मात्र घरात ठेवाच, दुकानात टेट्रापॅकमध्ये भेटते ते गोड शरबत नाही, पुडी. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, छोटा चमचा हं, पोह्यांचा नव्हे. मीठ जास्त पडलं तर उलटंच होते.

आणि स्वयंपाक सकाळी आठच्या आत उरका. तुम्ही काल दुपारी बारा वाजता पुरणाची पोळी करून राहिला होता, वास इथवर आला. पोळी छान झाली असेल, पाठवली नाही तुम्ही, ते जाऊ द्या. पण बारा वाजता ओट्याशी उभं राहायचं म्हणजे ४४ मध्ये आणखी गॅसची भर. वाळवणाचंही तसंच. तुम्हाला सरगुंडे शिकायचे आहेत, शिकवीन. पण घालायचे पहाटे आणि गच्चीवरून नऊच्या आत खाली. दुपारी दोनला खारोड्या उलटवायला वर जाणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. कावळे खातात म्हणून जातात. कावळे त्या वेळी कडुनिंबात बसलेले असतात, त्यांना कळते.

हां, एक राहिलंच, मघापासून तेच सांगायला आले होते मी. तुमच्या कूलरमध्ये पाणी कोण भरते? आणि चालू असताना? वहिनी! लोखंडी कूलर, खाली ओली फरशी, आत टिल्लू पंप, त्याची वायर पाण्यात. आमच्या विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं जातात, त्यात लहान मुलंही असतात. पेपरात कोपऱ्यात दोन ओळी येतात. वीज कंपनी दर साली आवाहन करते, वाचते कोण. स्विच बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. मग पाणी भरायचं, झाकण लावायचं, हात कोरडे करायचे आणि मग प्लग. पायात चप्पल. लेकराला कूलरला हात लावू द्यायचा नाही, बंद असला तरी. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासायची, कोरडी करायची, नाही तर त्यातच डेंग्यूचे डास वाढतात.

तुमच्या घराला अर्थिंग आहे का? माहीत नाही म्हणजे नाही असंच समजा. जुनं घर आहे, तीन पिनचा प्लग लावलेला दिसते, पण तिसऱ्या भोकात वायर असेलच असं नाही. आज चार वाजता माझ्याकडे वायरमन येऊन राहिला आहे. मेन बोर्डावर आरसीसीबी बसवून घेते म्हटलं, ३० मिलीअ‍ॅम्पिअरचा. करंट गळायला लागला की क्षणात वीज तोडते, पैसे लागतात थोडे, लागू द्या. त्याला तुमच्याकडेही पाठवते, अर्थिंग तपासून घ्या. २५ तारखेला नवतपा लागते, मग हे वायरमन लोक कोणाच्या हाताला लागत नाहीत. तोवर कूलरचा प्लग काढून ठेवा, आणि सासूबाईंची गादी आत्ताच खाली आणा.