शेवटचे तीन दिवस, दरवर्षी

लग्नसराई ओसरली की महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी मंगल कार्यालयाच्या फाटकावर वधूवरांची नावं उतरतात आणि कापडी फलक चढतो. ‘सोलापुरी चादर, टॉवेल, बेडशीट यांचा भव्य महासेल. थेट कारखान्यातून. शेवटचे तीन दिवस.’ रिक्षाला भोंगा बांधून एक जण गल्लोगल्ली हेच सांगत फिरतो. तीन दिवस संपतात, फलकावरचे तीन मात्र तसेच राहतात. मग लोकाग्रहास्तव मुदत वाढते. हा आग्रह कोणत्या लोकांनी, कोणाकडे धरला याची नोंद कुठल्याही ग्रामपंचायतीत सापडायची नाही. पाण्यासाठी, रस्त्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं आग्रह धरला तरी काही हलत नाही. चादरीच्या सेलची मुदत मात्र एका रात्रीत वाढते. पुढच्या वर्षी त्याच कार्यालयात, त्याच भोंग्यावर पुन्हा शेवटचे तीन दिवस.

अशा सेलमध्ये एखादा सोलापूरकर चुकून शिरला तर तो आधी चादर उलटी करतो. सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्डवर विणलेली असते. वरच्या बाजूला जो रंग जमिनीला असतो तो खालच्या बाजूला नक्षीला येतो, आणि मोरपंख दोन्हीकडून मोरपंखच दिसतो. सेलमधल्या चादरीचा मोर एका बाजूला नाचतो आणि दुसऱ्या बाजूला आजारी दिसतो. ‘मालक, ही कुठली?’ असं विचारलं की उत्तर तयार असतं, ‘सोलापुरीच की साहेब, पिशवीवर वाचा ना.’ आता पिशवी सोलापुरी असूही शकते. पिशवीबद्दल कोणाची तक्रार नाही.

वास्तविक या बाबतीत सोलापूरची बाजू कागदावर भक्कम आहे. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ साली झाला, सप्टेंबर २००३ मध्ये अमलात आला आणि सोलापुरी चादर व सोलापुरी टेरी टॉवेल हे देशातल्या अगदी पहिल्या काही नोंदींमध्ये, २००५-०६ या वर्षात, जाऊन बसले. पैठणीच्याही आधी. मानांकन म्हणजे थोडक्यात सरकारने शिक्का मारून दिलेलं ‘फक्त इथलीच’. बाहेर विणलेल्या चादरीला हे नाव लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी कलमं कायद्यात आहेत. ती भोंगेवाल्यापर्यंत पोचलेली दिसत नाहीत. कदाचित त्याच्याच भोंग्याच्या आवाजात ऐकू आली नसतील. पानिपतासह बाहेरच्या मागांवरचा माल आपल्या नावाने खपतो, ही इथल्या यंत्रमागधारकांची जुनी ओरड आहे. पानिपतावर १७६१ साली काय झालं ते मराठी माणसाला तोंडपाठ असतं. चादरींचं पानिपत मात्र दर सेलला होतं, आणि त्याची बखर लिहायला कोणी बसत नाही.

म्हणजे ज्या वस्तूला ‘फक्त’ म्हणायचा कायदेशीर हक्क आहे, तिच्यावर तो शब्द कोणी नीट छापत नाही. आणि ज्यांच्याकडे कसलाच आधार नाही त्यांची पाटी ‘फक्त’पासूनच सुरू होते. सोलापूरच्या शेंगाचटणीच्या दुकानांच्या ओळीतून चालत गेलं तर ‘मूळ’, ‘जुने’, ‘अस्सल’, ‘आद्य’, ‘एकमेव’ अशी विशेषणं शेजारीशेजारी नांदताना दिसतात. एकमेवाच्या शेजारी दुसरा एकमेव. दोघांत भांडण नाही, उलट सुट्टे पैसे एकमेकांकडून घेतात. शिवाय खाली ‘आमची कुठेही शाखा नाही’ हे आहेच. शाखा नसणं हा मराठी दुकानदारीतला सर्वोच्च पराक्रम आहे. इतरत्र लोक वाढण्याची जाहिरात करतात, आपण न वाढण्याची करतो. तरी या पाट्यांचं एक बरं आहे: चटणी समोर उखळात कुटलेली दिसते, चाखून बघता येते, आणि एकमेवपणासाठी कोणी जादा पैसे मागत नाही.

जादा पैसे मागण्याची कला शिकायची तर मोटारसायकलवाल्यांकडे जावं लागतं. जुलै २०१८ मध्ये रॉयल एनफिल्डने ‘क्लासिक ५०० पेगासस’ नावाची गाडी भारतात विक्रीला आणली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांसोबत विमानातून उतरवल्या जाणाऱ्या ‘फ्लाइंग फ्ली’ या छोट्या गाडीच्या स्मरणार्थ. जगभरात एक हजार, त्यातल्या भारताच्या वाट्याला अडीचशे. टाकीवर प्रत्येक गाडीचा स्वतंत्र क्रमांक, बाजूला कापडी थैल्या, अंगावर लष्करी तपकिरी रंग. दुसरा रंग ऑलिव्ह हिरवा होता, पण तो आपल्याकडे सैन्यासाठी राखीव असल्याने इथल्या हौशी सैनिकांना मिळाला नाही. रस्त्यावर येईपर्यंत किंमत जवळपास अडीच लाख. अडीचशे गाड्या १७८ सेकंदांत संपल्या. सोलापूरच्या सात रस्त्याला सिग्नल हिरवा होण्याची वाट बघताना माणूस चहा मागवायच्या विचारात असतो, तेवढ्यात हे सगळं आटोपलं.

पुढचा महिना ऑगस्ट. त्याच कंपनीने ‘क्लासिक ३५० सिग्नल्स’ काढली. पुन्हा लष्कराचंच स्मरण, पुन्हा टाकीवर क्रमांकाची छपाई, तसलाच एकूण थाट. इंजिन लहान हे खरं. पण किंमत एक लाख बासष्ट हजारांच्या आसपास, वर अचानक ब्रेक दाबल्यावर चाक घसरू न देणारी एबीएस यंत्रणा, जी अडीच लाखांच्या पेगाससला नव्हती. अडीचशे भाग्यवंतांपैकी अनेक जण खवळले. आपल्याला इतिहासाचा तुकडा मिळाला असं ज्यांना वाटलं होतं, त्यांना तो इतिहास पुढच्या महिन्यात शेजाऱ्याच्या दारात उभा दिसला, तोही स्वस्तात आणि चांगल्या ब्रेकसह.

कंपनी खोटं बोलली का? पेगासस हजारच काढणार म्हणाली, हजारच काढल्या. तिने फक्त दुसऱ्या नावाची दुसरी गाडी काढली. एबीएसचं म्हणाल तर १२५ सीसीवरच्या सगळ्या दुचाक्यांना एप्रिल २०१९ पासून ते सक्तीचं होणार हे सरकारने केव्हाच सांगून ठेवलं होतं. अडीच लाख मोजणाऱ्याने ते वाचायला हवं होतं, असं म्हणता येईल. पण १७८ सेकंदांत माणूस काय काय वाचणार? वाचायला वेळ मिळू नये म्हणूनच तर ते सेकंद असतात. या धंद्यातला खरा माल तोच आहे, घाई. गाडी तिच्यासोबत फुकट येते.

या शास्त्रातले मेरुमणी अमेरिकेत बसतात आणि ते पिनबॉलची यंत्रं विकतात. पिनबॉल म्हणजे आपल्या बगाटेलचा श्रीमंत नातू. फळीवर खिळे ठोकून गोळी सोडायचा तो खेळ उन्हाळ्याच्या सुट्टीत घराघरात होता. अमेरिकेने त्याला काच बसवली, दिवे लावले, वीज जोडली, त्यात नाणं टाकायला सांगितलं आणि १९४७ पासून गोळी परत उडवायला फ्लिपर दिले. १९९२ साली बॅली कंपनीचं ‘द अ‍ॅडम्स फॅमिली’ हे यंत्र आलं. २०,२७० नग गेले, तो विक्रम मानला जातो. इतकं झाल्यावर एखादा दुकानदार देवाला नारळ फोडून स्वस्थ बसला असता. कंपनीने १९९४ मध्ये त्याच यंत्राला सोनेरी साज चढवला आणि खास संग्राहकांसाठी म्हणून एक हजार नग काढले. वीस हजारांच्या गर्दीतून हजार दुर्मिळ जन्माला आले. सामान्य वस्तूला दुर्मिळ करण्यासाठी सोनेरी रंगाचा एक डबा पुरतो, हा शोध तिथला.

नाणं टाकून खेळणारे पुढे कमी झाले. मग यंत्र गेलं हौशी माणसाच्या तळघरात, आणि दुर्मिळपणा हेच मुख्य पीक झालं. शिकागोजवळची स्टर्न ही कंपनी आज एकेक खेळ तीन पायऱ्यांत विकते: प्रो, प्रीमियम आणि लिमिटेड एडिशन. प्रीमियम आणि लिमिटेडच्या काचेखालचा खेळ जवळजवळ एकच. फरक चित्रांत, बाहेरच्या कडेच्या झळाळीत आणि क्रमांकाच्या पट्टीत. २०२१ मध्ये ‘गॉडझिला’ आला, लिमिटेड एडिशन हजार नग, किंमत दहा हजार डॉलरच्या वर. नग हातोहात गेले. २०२४ मध्ये मूळ जपानी चित्रपटाला सत्तर वर्षं झाली, लगेच सत्तरीची कृष्णधवल खास आवृत्ती हजर. चित्रपटाच्या वाढदिवसाला यंत्राचं बारसं. ‘आयर्न मॅन’ २०१० साली येऊन गेला होता. २०१४ मध्ये तो ‘व्हॉल्ट एडिशन’ म्हणून परत आला. तिजोरीतून काढला म्हणे. सोलापुरात तिजोरीतून एखादी गोष्ट पुन्हा बाहेर निघाली तर आधी आयकरवाले येतात. तिथे ग्राहक रांग लावतात.

मात्र पहिल्या आवृत्तीवर ‘मर्यादित’ लिहिलेलं असतं, तेव्हा मर्यादा नेमकी कशाला? त्या क्रमांकाच्या पट्टीला, त्या एका रंगसंगतीला. खेळाला नाही, कल्पनेला नाही, आणि कंपनीच्या पुढच्या वर्षाच्या बेताला तर मुळीच नाही. ग्राहक मात्र सगळ्याला मर्यादा पडली असं समजून पैसे मोजतो. त्याचा हा समज कोणी करून दिलेला नसतो. फक्त कोणी दूरही केलेला नसतो. वकिलाला विचाराल तर दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. खिशाला विचाराल तर काहीच नाही.

आपल्या सरकारने या दुखण्यावर कागदी औषध काढलं आहे आणि ते वाचण्यासारखं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. जून २०२२ च्या नियमावलीने आमिषाच्या जाहिरातींना हात घातला: मागणीला पुरेल एवढा माल नसेल तर साठा मर्यादित आहे हे जाहिरातीतच सांगा. नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन दुकानदारीतल्या तेरा क्लृप्त्या नावानिशी यादीत घातल्या, आणि त्यात खोट्या घाईचा मान पहिला. माल आहे त्याहून कमी असल्याचं भासवणं, निवडक लोकांसाठी थोड्याच वेळाची ‘एक्सक्लुझिव्ह’ विक्री असल्याचा देखावा करणं, ‘दोनच खोल्या उरल्या, तीस जण बघताहेत’ असं पडद्यावर नाचवणं, सगळं त्यात आलं. यादी करणाऱ्याने मंगल कार्यालयातला सेल नक्की पाहिला असणार. पण या तेरा क्लृप्त्या पडद्यावरच्या दुकानांना लागू. रिक्षावरच्या भोंग्याला पडदा नाही. त्याला थोरला कायदा लागू आहे. पण त्यासाठी बहुधा कोणीतरी तक्रार करायला हवी, आणि तीनशे रुपयांच्या चादरीसाठी ग्राहक आयोगाची पायरी कोण चढतो?

तेव्हा सोलापूरने रडत बसण्यापेक्षा शिकागोचा कित्ता गिरवावा, असा एक प्रस्ताव यंत्रमागधारकांपुढे ठेवायला हरकत नाही. ज्या चादरीला कैक पावसाळे, बाळंतपणं, वारी आणि एसटीचे रात्रीचे प्रवास नेमून दिले आहेत, ती चादर आजवर फारच स्वस्तात गेली. मोरपंख नक्षीची ‘प्रो’ काढावी, ती अंगावर घ्यायला. त्याच सुताची, त्याच वजनाची ‘प्रीमियम’ काढावी, ती पाहुण्यांना द्यायला. आणि ‘लिमिटेड एडिशन’ फक्त पाचशे, काचेच्या पेटीत, घडी मोडल्यास मोल निम्मं या अटीवर. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत, संक्रांतीला, सकाळी दहाला विक्री सुरू आणि दहा वाजून तीन मिनिटांनी बंद. पाडव्याला ‘तिजोरी आवृत्ती’. दिवाळीला वर्धापनदिन, कशाचा ते कोणी विचारत नाही. गुंतवणूकदार घडी न मोडता थंडीत कुडकुडतील, पण कुडकुडणाऱ्याकडे क्रमांक असेल.

अडचण निघाली ती फक्त क्रमांकाची, आणि ती मागावरच्या माणसाने काढली. जुन्या जॅकार्डवर नक्षी पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या कार्डांच्या माळेतून उतरते. माळ एकदा चढवली की प्रत्येक चादरीत तीच नक्षी आणि कोपऱ्यात तीच अक्षरं येणार. दर चादरीला वेगळा आकडा विणायचा तर दर चादरीला कार्डं बदलायची, माग थांबवायचा. मजुरी नगावर असलेल्या माणसाला ते परवडत नाही. संगणकावर चालणारं जॅकार्ड हे काम करील, पण त्याच्या किमतीत पेगाससच्या कितीतरी गाड्या येतील. विणकराने थोडा विचार केला आणि म्हणाला, ‘मालक, असं करू की. एकदाच कार्डं पाडतो. पाचशेच्या पाचशेवर एक नंबर घालू. घेणारा पेटी उघडून शेजाऱ्याच्याशी ताडून बघणार आहे होय?’