सतरावा यमन

नगर-मनमाड रस्त्याने राहात्यातून जाणाऱ्या बहुतेकांना शिर्डी गाठायची घाई असते. थांबलेच तर पेरू घ्यायला थांबतात. त्यामुळे दोन गल्ल्या आत, पेरूच्याच प्लास्टिक क्रेटांत कॅसेटी लावून बसलेला शास्त्रीय संगीताचा संग्राहक त्यांच्या नजरेस पडत नाही. अशा प्रत्येक गावात असा एक असतोच, असं धरून चालायला हरकत नाही. त्याच्याविषयी घरच्यांची तक्रार एका वाक्यात मावते: तोच गवई, तोच यमन सोळा वेळा घरात असताना सतरावा कशाला? तक्रार बिनतोड वाटते, पण तिथेच घरचे चुकतात. बीथोव्हनची सिम्फनी कागदावर शाबूत असते, वाजवणारे बदलतात. ख्यालाला असा कागद नाही. भातखंड्यांनी क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत शेकड्यांनी बंदिशी टिपून ठेवल्या, पण बंदिश हे नुसतं विरजण. दही ज्या त्या मैफलीत लागतं आणि दर वेळी वेगळं लागतं. म्हणजे सतरावा यमन ही सोळाव्याची नक्कल नसते. घरात लग्नाचे चार अल्बम असतात, त्यांत तीच तीच माणसं तशीच उभी असतात, त्याला मात्र कुणी पसारा म्हणत नाही.

ध्वनिमुद्रण नसलं की काय होतं, हे सांगायला संग्राहकाजवळ हुकमाचं पान आहे. गौहरजानची तबकडी कलकत्त्यात १९०२ साली मुद्रित झाली. अल्लादियाखाँ गेले १९४६ साली. मध्ये ४४ वर्षं, आणि खाँसाहेबांची तबकडी एकही नाही. १९२२ साली गेलेल्या भास्करबुवा बखल्यांचंही तेच. आता अल्लादियाखाँ कसे गात, हे केसरबाई, मोगूबाई आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या गाण्यावरून ताडायचं. नातवंडांच्या नाकावरून आजोबांचं नाक काढावं तसं. न झालेल्या या तबकड्यांबद्दल संग्राहक जितकं बोलतो, तितकं असलेल्यांबद्दल बोलत नाही. कपाटात त्यांच्यासाठी जागाही राखलेली असावी, असा संशय येतो.

यावर नव्या पिढीचं म्हणणं असं, की आता सगळं मोबाईलवर आहे. आहे खरं, पण कसं आहे? जुन्या तबकड्या ७८ फेऱ्यांच्या म्हणायच्या इतकंच; कुठली किती वेगाने मुद्रित झाली याचा त्या काळी काटेकोर नेम नव्हता. चुकीच्या वेगाने उतरवून घेतली की काळी एकमधला गवई पांढरी दोनमध्ये गातो आणि त्याची तान शिट्टी दिलेल्या गाडीसारखी सुटते. संग्राहक पेटी पुढ्यात घेऊन, सूर लावून, वेग जुळवतो. त्याआधी तबकडी दोन्ही तळव्यांत कडेने धरून, साबणाच्या पाण्यात ओलं केलेलं मऊ फडकं खाचांच्या दिशेने फिरवतो. स्पिरिट लावलं तर लाख विरघळते, हे तो पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी सांगतो. कॅसेटींची कथा निराळी. त्यांच्या कागदावर बारीक अक्षरांत ‘मन्सूर, नट बिहाग (?), साथ ?, १९७?’ असं लिहिलेलं असतं आणि त्या तीन प्रश्नचिन्हांवर त्याच्या चार रविवारांची सोय होते. वीज गेली की चावीचा ग्रामोफोन बाहेर निघतो. त्याची स्प्रिंग सैल पडू लागली की गवई अर्ध्या मिनिटात दोन सूर खाली उतरतो, आणि पट्टीचा तोच काटेकोर माणूस ते डोळे मिटून ऐकतो. हे पक्षपाती आहे, पण प्रेमात चालायचंच.

एक आरोप मात्र फेटाळता येत नाही: तो देत नाही. मुंबईत संग्राहकांची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था आहे, तिने माहिती छापली, ऐकण्याचे कार्यक्रम केले. पण सुटा संग्राहक वेगळ्या वाणाचा. तो अदलाबदल करतो, आणि तीही शेवटची पाच मिनिटं कापून, म्हणजे अस्सल प्रत आपल्याचकडे राहावी. इथे केसरबाईंचा दाखला त्याच्यावरच उलटतो. त्यांची भैरवी अमेरिकेने १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत घातली. सोबत सुई दिली आणि ती कशी लावायची त्याच्या आकृत्याही कोरल्या. कुणा परग्रहवासीयाला, न मागता, विनातारण! इकडे शेजाऱ्याने तीच भैरवी पेनड्राईव्हवर मागितली तर आधी पेनड्राईव्हमधल्या व्हायरसची चौकशी होते, मग शेजाऱ्याला राग ओळखता येतो का याची, आणि शेवटी ‘बघू, सापडली तर’ यावर विषय मिटतो. सापडत नाही असं काही नसतं. वहीत तिचा क्रमांक आहे, मूळ तबकडी, कॅसेट, सीडी आणि दोन प्रकारच्या फायली अशा पाच नोंदींसह.

शेवटचा आक्षेप असा, की तो ऐकतो कधी? साफसफाई, नोंदी, पट्टी आणि अदलाबदल यांतून वेळ उरतो कुठे? यावर त्याचं उत्तर संगणकातच आहे. ‘ऐकायचे राहिलेले’ नावाचा फोल्डर त्याने केव्हाच केला आहे, रागवार लावलाही आहे आणि परवाच त्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन कोपरगावच्या बहिणीकडे ठेवायला दिली आहे.