सांधेशास्त्री

मंगल कार्यालयात पंगत बसली होती. जिलबी वाढणारा पुढ्यात येऊन उभा, आणि आमचा सांधेशास्त्री मान तिरपी करून भिंतीच्या बुडाशी बघतोय. मी विचारलं, "काय रे, काही सांडलं का?"

"नाही सर. स्कर्टिंग प्लास्टरच्या पुढे आलंय. १२ मिलिमीटर तरी असेल. आधी प्लास्टर उरकलं आणि मग स्कर्टिंग आठवलं, असं झालंय."

तोवर जिलबीवाला तीन पानं पुढे गेला होता.

आर्किटेक्टच्या ऑफिसात हल्ली असा एक प्राणी असतोच. पगारपत्रकावर त्याचा हुद्दा 'बीआयएम मॉडेलर' असतो. वय सव्वीस-सत्तावीस, समोर दोन स्क्रीन, आणि झूम करून करून माउसच्या चाकावरचं रबर गुळगुळीत झालेलं. ग्राहक इमारतीचा दर्शनी भाग बघतो, बिल्डर चटईक्षेत्र बघतो. हा भिंत आणि स्लॅब जिथे भेटतात तेवढीच वीतभर जागा बघतो. बाकीची इमारत त्याच्या लेखी त्या सांध्याला आधार म्हणून उभी केलेली असते.

आमच्या काळी हे दुखणं नव्हतं. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, शाईचं पेन. चुकलं की ट्रेसिंग पेपर ब्लेडने खरवडायचा. भिंतीच्या दोन रेषा खाली आणायच्या, स्लॅबच्या दोन आडव्या न्यायच्या आणि चौघी जिथे एकत्र येतील तिथे हॅचिंग जरा दाट करायचं. कोणी खोलात शिरलंच तर बाजूला टीप: 'जागेवर ठरवावे'. त्या दोन शब्दांच्या सावलीत माझी तीस वर्षं सुखात गेली.

मग रेव्हिट नावाचं सॉफ्टवेअर आलं. २००२ साली ऑटोडेस्कने ते विकत घेतलं आणि यथावकाश ते आमच्याही ऑफिसात शिरलं. त्यात रेषा नसतातच. भिंत काढली की ती उंची, जाडी आणि थर घेऊनच जन्माला येते. आणि ते प्रश्न विचारतं. स्लॅबची कड पुरी केली की पहिला प्रश्न: या मजल्यापर्यंत येणाऱ्या भिंती स्लॅबच्या बुडाला चिकटवू का? लगेच दुसरा: स्लॅब भिंतीत घुसलाय, दोघांना जोडून भिंतीचा तेवढा भाग कापू का? मी दोन्हींना 'येस' म्हणत असे, कर्जाच्या कागदांवर सह्या कराव्यात तसा. शास्त्री मात्र तिथे खुर्ची मागे सरकवतो, चष्मा पुसतो आणि विचारतो, "सर, आधी सांगा, थांबायचं कोणी आणि पुढे जायचं कोणी?"

त्याचं एकच तत्त्वज्ञान आहे: जसं बांधतात तसं काढायचं. कॉलम-बीमची इमारत असेल तर आधी स्लॅब, विटा नंतर. मग भिंतीने बीमच्या बुडाशी मुकाट्याने थांबायचं. माइव्हानचे अ‍ॅल्युमिनियमचे साचे असतील तर भिंत आणि वरचा स्लॅब एकाच वेळी ओततात. तिथे सेक्शनमध्ये मधे रेघ दिसली की ती थाप. एका नव्या पोरीने जोत्यापासून गच्चीपर्यंत एकच अखंड भिंत उभी केली होती. शास्त्री शांतपणे म्हणाला, "मिस्त्री सात मजले एका दमात चढवणार आहे का? मधल्या स्लॅबांना कळवलंयस?"

तिचा सेक्शन वरवर ठीक दिसत होता. शास्त्रीने 'थिन लाइन्स'चं बटण दाबलं आणि जाड रेषांनी झाकलेली सगळी पापं उघडी पडली. मग हिशोब. काँक्रीटची भिंत २०० मिलिमीटर, स्लॅब १५०, मजल्यावर अशा भिंती ४० मीटर. "म्हणजे मजल्यामागे १.२ घनमीटर काँक्रीट दोनदा मोजलं गेलं. एकदा भिंतीच्या नावावर, एकदा स्लॅबच्या." पोरगी रडवेली झाली. बिल्डरला हे कळलं असतं तर तोही झाला असता.

भिंतीच्या थरांना रेव्हिटमध्ये मानाचे क्रमांक असतात. गाभ्याच्या थराला १, शेवटच्या फिनिशला ५. सांध्यावर १ नंबरवाला आला की बाकीचे निमूट बाजूला होतात. शास्त्रीचं म्हणणं, वरपक्षाच्या मानपानाला ही पद्धत लावली तर निम्मे रुसवे वाचतील. त्याचं स्वतःचं लग्न अजून जमलेलं नाही, हे सांगायला नकोच.

एकदा दोन भावांच्या सामाईक बंगल्याची मीटिंग होती. जिना कोणाच्या दारातून न्यायचा यावरून दोघांचं वाजलं. शास्त्री निमूट जिन्याची भिंत सरकवत होता. तेवढ्यात मोठ्या स्क्रीनवर रेव्हिटचा निरोप झळकला: घटक जोडलेले ठेवता येत नाहीत. खाली बटण: 'अनजॉइन'. धाकट्या भावाने ते मोठ्याने वाचलं. पुढच्या महिन्यात आम्ही दोन स्वतंत्र घरांचे नकाशे दिले.

शास्त्रीला शेराला सव्वाशेर भेटला तो साइटवर. त्याचा रंगीत सेक्शन मिस्त्रीने हातात धरला, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "सगळं झ्याक आहे साहेब. पण जाळी कुठाय?" वीट आणि काँक्रीट उन्हात सारखी फुगत नाहीत; बीमखालच्या सांध्यावर कोंबडीजाळी न मारता गिलावा केला की चीर ठरलेली. शास्त्रीच्या मॉडेलमध्ये जाळी नव्हती. पुढे गच्चीवर कठडा आणि स्लॅबच्या काटकोनात मिस्त्री थापीने माल भरून गोलाई देत होता. "ह्याला वाटा म्हणायचं. कोपरा धारदार ठेवला की वॉटरप्रूफिंग तिथंच फाटतं." त्या रात्री शास्त्री साडेनऊपर्यंत ऑफिसात बसून वाटा मॉडेल करत होता. सकाळी मला दाखवताना त्याच्या चेहऱ्यावर बारशाचा आनंद होता.

मी हसत असे. म्हणायचो, अरे, घरात माणसं राहतात, सांधे राहत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात माझ्याच घराच्या दिवाणखान्यात, छत आणि भिंत मिळतात तिथे, ओल उतरली. घर माझंच, आराखडाही माझाच. शास्त्रीला बोलावलं. त्याने स्टुलावर चढून बोटाने पोपडा टोकरला, वास घेतला आणि जुनं ड्रॉइंग मागितलं. माळ्यावरच्या नळकांड्यातून पिवळा पडलेला ट्रेसिंग काढला. शास्त्रीचं बोट सेक्शनवरून सरकत नेमकं त्या सांध्यावर थांबलं. तिथे माझ्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'जागेवर ठरवावे'.

तो बराच वेळ बघत राहिला. मग खालच्या आवाजात, अगदी आदराने म्हणाला, "सर, ठरायचं राहिलं वाटतं."